मुकादमाचं गवत

तव्याने पिशवी उचलली आणि भिंतीवर हाणली. पिशवी फुटली. गवत खोलीभर उडालं, थोडं अक्काच्या पायाच्या प्लॅस्टरवर, थोडं पाण्याच्या बादलीत. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप चालला होता तो मुकादम खाटेखाली बसून बघत होता. एक काडी नेमकी त्याच्या पुढ्यात पडली. त्याने ती हुंगली आणि तोंड फिरवलं.

"बघ! बघ माज कसा आहे!" तवा ओरडला. "दुकानातलं गवत आणलंय तुझ्यासाठी, पिशवीवर सशाचं चित्र काढलेलं! आणि हे महाराज तोंड फिरवतायत!"

"माज नाही तो," खाटेवरून अक्का म्हणाली. "कुबट आहे ते. इथवर वास येतोय. तुला येत नाही का रे?"

"येतो की! न यायला काय झालं?"

"मग घेतलंस कशाला?"

 तव्याने लाथ मारून बादली सांडली आणि मग स्वतःच फडकं घेऊन पुसत बसला.

मुकादम म्हणजे ससा. राखाडी, एक कान उभा, एक लोळलेला. शेजारचं बिऱ्हाड खोली सोडून गेलं तेव्हा जाताना त्याला पिंजऱ्यासकट जिन्यात ठेवून गेलं, फुटकी कुंडी ठेवावी तसं. अक्काने त्याला आत घेतलं. नाव मात्र तव्याचं. कारखान्यात त्याच्यावर जो मुकादम होता तोही असाच दिवसभर एका जागी बसायचा, दुसऱ्यांची कामं बघायचा आणि तोंड हलवत राहायचा. फरक एवढाच, की तो मुकादम तव्याला बघवत नसे आणि हा मुकादम, तव्याने कधी कबूल केलं नाही तरी, बाहेरून आल्यावर पायाशी आला नाही तर त्याला चुकल्यासारखं व्हायचं.

आणि तवा म्हणजे तवा. कपबश्यांच्या कारखान्यात पेट्या भरण्याच्या कामाला लागला त्याच वर्षी हे नाव पडलं. कोणी काही बोललं की पाणी टाकल्यासारखा चर्र करायचा. चहा थंड आला, चर्र. कोणी चांगला झालाय म्हणालं, तरी चर्र, कारण मग कालचा काय वाईट होता का? लग्नाचं वय होतं तेव्हा दोन ठिकाणी बोलणी झाली. दोन्हीकडे हा मुलीच्या मामाशी भांडून आला. तेव्हापासून बहीणभाऊ एका खोलीत. अक्का त्याच्याहून मोठी, नवरा लवकर गेलेला, सारा जन्म इस्पितळाच्या धुलाईखान्यात गेला. ती कोणाशी भांडत नसे. आवाज न चढवता असं काही बोलायची की समोरचा घरी जाऊन दोन दिवस आठवत बसायचा.

हाताने मात्र तवा सोनं होता. लांब टेबल, मागे पेंढ्याचा डोंगर, पुढे लाकडी पेटी. हात डोंगरात जायचा, मूठभर पेंढा यायचा, कपाच्या पोटात एक वळसा, कानाभोवती एक वळसा, की कप पेटीत असा बसायचा जसं अंडं घरट्यात. त्याने भरलेली पेटी जिन्यावरून गडगडत खाली आली तरी आतल्या एका बशीला तडा जात नसे. पेंढ्याचा व्यापारी गाडी घेऊन आला की तवा गठ्ठ्यात कोपरापर्यंत हात घालायचा आणि डोळे मिटून निकाल द्यायचा. चांगला पेंढा म्हणजे पिवळा, कोरडा, पोकळ. दाबला की दबतो आणि सोडला की उसळी मारतो. पान नको, कारण पानात ओल, आणि ओल म्हणजे पांढऱ्या कपावर डाग. हिरवं म्हणजे कच्चं आणि कच्चं म्हणजे परत. व्यापारी त्याच्या तोंडाला घाबरायचे आणि हाताला त्याहून जास्त.

मग फोम आला. पांढऱ्या फुसक्या चादरी, कोणालाही गुंडाळता येतात अशा. पेंढ्याचा डोंगर गेला आणि त्याच्यामागोमाग तवाही घरी आला.

आता अक्काचा पाय मोडला होता. जिन्यावरून घसरली. एरवी मुकादमाचं गवत तीच आणायची. कालव्याच्या काठावर विळा घेऊन जायची, मुठीमुठीने कापायची, गच्चीत सावलीला पसरायची, दिवसातून दोनदा उलटवायची. तव्याला वाटायचं, गवत काय, असतंच. साठवलेलं संपलं तेव्हा कळलं की नसतं.

तो कालव्यावर गेला तर काठ सगळा करपलेला. पाठीवर टाकी बांधलेला एक माणूस नळीने औषध मारत चालला होता.

"काय मारताय हे?"

"तण मारतोय."

"तण कशाला म्हणता? गवत आहे ते!"

"कागदावर तण आहे," तो माणूस म्हणाला आणि पुढे सरकला. चार दिवस कोणी जनावर सोडू नये, असंही म्हणाला. तव्याने त्याला, त्याच्या टाकीला आणि त्याला पाठवणाऱ्याला जे सुनावलं ते पलीकडच्या काठावर कपडे धुणाऱ्यांनी काम थांबवून ऐकलं. पण शिव्यांनी गवत हिरवं होत नाही.

त्यानंतर ते दुकान. चकाचक काच, आत मासे, पोपट आणि केसांना तेल चोपडलेला मालक. तव्याने तिथेच पिशवी फोडून हात घातला. कोरडं, पिवळं, मस्त उसळी. "माल चांगला आहे," तो मालकालाच म्हणाला. तोच चांगला माल आता खोलीभर पडला होता आणि मुकादमाने सकाळपासून तोंडात काही घेतलं नव्हतं. गाजराचा तुकडा हुंगून तसाच ठेवला होता. लेंड्याही कमी झाल्या होत्या, बारीक, मोहरीच्या दाण्याएवढ्या.

"सशाचं पोट थांबलं की ससा थांबतो," अक्का म्हणाली. "त्याला गवत पाहिजे. खरं गवत. मीच जाते."

आणि ती उठली. तवा पुसायचं टाकून वळला तोवर भिंतीला धरून एका पायावर उभी होती, दात आवळून, कपाळावर घामाचे थेंब.

"वेड लागलंय का तुला? तो पाय पुन्हा मोडला तर जन्मभर खाटेवर राहशील! डॉक्टर काय म्हणाला, आठवतंय का?"

"मग तू आणतोस का नीट?"

"आणतो!"

"नीट?"

"आणतो म्हटलं ना! बस खाली आधी!"

ती बसली. पण तिने विळा उशाशी घेतला आणि तवा काय समजायचं ते समजला. हा नाही आणू शकला तर उद्या ही खरंच जाणार.

गावाबाहेर एक बाई घोडे पाळायची. लोक येऊन घोड्यावर बसायला शिकायचे. तवा तिथे पोचला तेव्हा ती गुडघ्यापर्यंत बूट घालून लीद ओढत होती. चाळिशीची, दणकट, बोलणं घोड्याला हाकारल्यासारखं.

"ससा आहे? मग या वर," ती म्हणाली आणि शिडीवरून त्याला माळ्यावर घेऊन गेली. माळ्यावर गवताच्या पेंढ्या रचलेल्या. "कापणी चांगली झाली होती, पण छत गळलं. काही पेंढ्या आतून कुबटल्यात. वरून सगळ्या सारख्याच दिसतात. एकेक नाकाला लावा आणि चांगली असेल ती घ्या. खात्री मी कोणाला देत नाही."

तव्याने एका पेंढीत हात घातला. मऊ. पानंच पानं. हिरवट. दाबलं तर दबूनच राहिलं, उसळी नाही.

"हे कच्चं आहे," तो म्हणाला.

"कच्चं? अहो काका, हेच तर खरं आहे. वास घ्या ना जरा!" तिने मूठभर त्याच्या तोंडापुढे धरलं.

तव्याने तिचा हात झटकला. "वासाचं काय घेऊन बसलात! माझं आयुष्य गेलं यात. ओल आहे याच्यात. असलं पेटीत घातलं तर कपाला डाग पडतील!"

बाई त्याच्याकडे बघत राहिली. "तुम्ही ससा पाळलाय का कपबशी?"

खालून एक घोडा फुरफुरला, तोही हसला असं तव्याला वाटलं. तळपायाची आग मस्तकात गेली. उतरताना त्याची नजर कोपऱ्यात गेली आणि तिथे होता तो, डोंगर. पिवळाधमक, पोकळ, कोरडा. त्याने हात घातला. काय उसळी! कारखान्यात असा माल आला असता तर व्यापाऱ्याला त्याने स्वतः चहा पाजला असता.

"हे लपवून ठेवलंत होय! आणि मला वरचा कचरा दाखवताय! यातलं द्या."

"काका, ते घोड्यांच्या खाली—"

"द्या म्हणतो ना!"

तिने खांदे उडवले आणि एक गठ्ठा बांधून दिला. तवा तो डोक्यावर घेऊन निघाला, लढाई जिंकल्यासारखा.

अक्काने गठ्ठा बघितला. मूठभर हातात घेतलं. 

"अंथरूण आणलंस होय रे," ती म्हणाली.

"काय?"

"हे घोड्याच्या बुडाखाली घालतात. मुतल्यावर काढून टाकतात. हे खात नाहीत." मग म्हणाली, "मुकादमाला गादी झाली तेवढी. मरायला तरी मऊ."

रात्र तशीच गेली. सकाळी तव्याने मुकादमाला उचललं तर अंगात जोर नव्हता, लोळलेल्या कानासारखाच सगळा लोळलेला. त्याने जुनी पेटी काढली, तळाशी तो पेंढा घातला, मध्ये मुकादम आणि दोन्ही बाजूंनी वळसे. हात आपोआप चालले. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे पेटी उघडली तेव्हा त्या म्हणाल्या, "इतक्या व्यवस्थित भरलेला पेशंट मी पाहिला नव्हता."

हे कौतुक होतं, तरी तवा चर्र झालाच. "भरणं बघू नका, ससा बघा!"

बाईंनी पोट चाचपलं, दात बघितले, औषध दिलं, पिचकारीने तोंडात पातळ लापशी कशी सोडायची ते दाखवलं. "याने आजचा दिवस निभावेल. पण आतडं हलतं ते गवताने. त्याने स्वतःहून चघळलं पाहिजे. हिरवं, पानाचं आणि ताज्या वासाचं आणा. कुबट चुकूनही देऊ नका, त्यापेक्षा उपाशी बरा. गवत नाकानेच ओळखायचं, दुसरा उपाय नाही."

परत येताना रस्ताभर तवा मनात सगळ्यांना झोडपत आला. वास! ज्याच्या त्याच्या तोंडी वास! अक्काला वास, घोडेवालीला वास, डॉक्टरणीला वास! म्हणजे ते वरचं हिरवं होतं तेच खरं होतं. आणि त्यातलंही निम्मं कुबट. घरात शिरल्या शिरल्या त्याने अक्काच्या चहासाठी दूध तापत ठेवलं आणि शेगडीशेजारीच मांडी घालून मुकादमाच्या तोंडात पिचकारी धरली.

"दूध!" अक्का खाटेवरून म्हणाली. "अरे दूध करपलं! हाताच्या अंतरावर बसलायस आणि—"

भांड्याच्या बुडाशी काळं झालं होतं, खोली धुराने भरली होती. तव्याने चिमट्याने भांडं मोरीत फेकलं. वळला तर अक्का त्याच्याकडे बघत होती, अगदी शांत. असं बघायला लागली की त्याला पळून जावंसं वाटायचं.

"इकडे ये. बस. डोळे मीट."

"कशाला?"

"मीट म्हणते ना."

तिने खाली पडलेलं दुकानातलं गवत मुठीत घेतलं. दुसऱ्या मुठीत उशाच्या डब्यातला साबण. एकेक करून त्याच्या नाकाशी धरलं. "कुठल्या हातात साबण आहे?"

तव्याने ओढून श्वास घेतला. मग पुन्हा. बाहेर कोणीतरी जिना उतरत होतं, त्याची पावलं ऐकू आली.

"डाव्या," तो म्हणाला.

"उजव्या," अक्का म्हणाली. "कधीपासून?"

"मला सर्दी आहे."

"कधीपासून, विचारतेय."

आणि मग आलं बाहेर, चर्र होत होत, तुकड्यातुकड्याने. पेट्या भरायच्या खात्याच्या खिडक्या कधी उघडत नसत, कारण वाऱ्याने पेंढा उडायचा. झाडू मारला की धूळ अशी उठायची की समोरचा दिसत नसे. नाकावर बांधायची फडकी होती, पण ती कपाटात, आणि कपाटाची किल्ली मुकादमाकडे. बाहेरचे साहेब बघायला आले की तो फडकी वाटायचा, गेले की परत मोजून घ्यायचा. कधीतरी चहाचा वास येईनासा झाला. मग साबणाचा. कारखान्याच्या डॉक्टरला सांगितलं तर तो म्हणाला, सर्दी आहे, वाफ घ्या. मुकादमाला सांगितलं तर म्हणाला, कप काय नाकाने भरतोस का?

"आणि मला सांगितलं नाहीस," अक्का म्हणाली.

"काय सांगायचं? तू चादरीच्या वासावरून वॉर्ड ओळखायचीस! तुझ्यासमोर मी काय सांगू, मला काही कळत नाही म्हणून? स्वयंपाक कसा झालाय विचारायचीस, मी चांगला म्हणायचो. कसा होता ते मला कुठे माहीत?"

"म्हणजे इतकी वर्षं मी जीव तोडून रांधतेय आणि तू लाकूड खातोयस!" आता अक्काचाही आवाज चढला, जन्मात पहिल्यांदा असेल. "आणि त्या मेल्याचं, त्या किल्लीवाल्याचं, तू नुसतं नाव ठेवलंस! सशाला! एवढाच सूड?"

तव्याने मान खाली घातली. खाटेखाली मुकादम डोळे अर्धे मिटून पडला होता.

"मला नाक नाही," तो म्हणाला. "गवत कसं आणू?"

"त्याला आहे की नाक. त्याला घेऊन जा. तो सांगेल."

म्हणून पेटी पुन्हा निघाली. घोडेवाली अंगणातच होती. तव्याला बघून तिने फावडं टेकवलं. "काय काका, कपबश्या कशा आहेत?"

तव्याने तोंडाशी आलेलं गिळलं.  शिडी चढला, पेटी उघडली, एक पेंढी ओढून मुकादमाच्या नाकाशी धरली. मुकादम दगड झाला होता. खाली घोडे पाय आपटत होते, फुरफुरत होते, आणि प्रत्येक आवाजाला ते राखाडी अंग आणखी आकसत होतं. नाकसुद्धा हलेना. दुसरी पेंढी धरली. तिसरी. डोळे फाटलेले, बाकी काही नाही.

"हुंग ना रे!" तवा दबक्या आवाजात ओरडला. "तुझ्या जिवासाठीच चाललंय! हुंग!"

बाई शिडीच्या टोकाला येऊन बघत होती. तिला वाटलं असणार, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय.

तव्याने पेंढी खाली टाकली. तिच्याकडे न बघता, माळ्याच्या फळ्यांकडे बघत, भांडल्यासारखं म्हणाला, "मला वास येत नाही. काल तुम्ही नाकाशी धरलंत तेव्हाही आला नाही. कारखान्याच्या धुळीने खाल्लं सगळं. आता हसायचं तर हसा. पण यातलं चांगलं कुठलं ते मला कळत नाही, आणि हा मरायला टेकलाय."

बाई हसली नाही. चिडली. "मग कालच सांगायचं की! एक दिवस फुकट घालवलात माझ्याशी भांडण्यात! सरका बाजूला."

आणि ती कामाला लागली. पेंढी उचलायची, मधोमध फाडायची, तोंड आत खुपसायचं. "कुबट." फेकली. "ही पण." फेकली. "ही बरी आहे, घोड्याला चालेल, याला नको." चांगल्या दिसणाऱ्या पेंढ्या एकामागून एक खाली पडत होत्या आणि तवा बघत होता. त्याचा हात प्रत्येक वेळी चुकला असता. शेवटी एका पेंढीत तिने तोंड खुपसलं ते काढलंच नाही, आतूनच मान हलवली.

"ही. पुढच्या आठवड्यात या, तोवर आणखी निवडून ठेवते. आणि आरडाओरडा करायचा असेल तर अंगणात करा. माझे घोडे बिथरतात."

तव्याने पेटीतला पिवळा पेंढा सगळा उपसून काढला. त्याजागी ते मऊ, हिरवट, पानापानाचं भरलं. उसळी न मारणारं. त्याच्या हाताला ते अजूनही खोटं वाटत होतं. तरी एक वळसा पोटाभोवती, एक कानाभोवती.

घरी पेटी उघडायच्या आधीच अक्का उठून बसली. तव्याने मुकादमाला खाली ठेवलं, पुढ्यात मूठभर टाकलं आणि दोघंही श्वास रोखून बसली. मुकादम बराच वेळ नुसता बसला. मग नाक हललं. एकदा. मग भराभर. मान पुढे आली, एक काडी दातात धरली आणि ती आत जायला लागली, हळूहळू, कडेकडेने, जशी कोणी आतून ओढतंय. कुर्र कुर्र आवाज आला.

अक्काने खाटेवरून हात लांब करून पेटीतलं थोडं घेतलं आणि नाकाशी धरलं.

"कसा येतो?" तव्याने विचारलं.

"काय?"

"वास गं! कसा येतो?"

"गवतासारखा येतो. कसा येणार?"

"एवढंच? एवढी वणवण केली मी, आणि गवतासारखा?"

अक्काने पुन्हा हुंगलं. "कालव्याच्या काठापेक्षा बरा," ती म्हणाली. तिच्याकडून हे फार झालं. मग विळा उशाशी होता तो त्याच्या हातात देऊन म्हणाली, "हा जागेवर ठेव. आणि ऐक. पाय बरा झाला की आपण जायचं कारखान्यात. त्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते ते विचारायला."

"मी त्या माणसाला असा—"

"तू तोंड उघडायचं नाहीस. तू तापतोस, आणि तापलेल्याला लोक हसतात. मी बोलेन."

तव्याने तिच्याकडे बघितलं आणि त्याला त्या मुकादमाची, खऱ्या मुकादमाची, पहिल्यांदाच थोडी दया आली. थोडीच.

सकाळी तो उठला आणि पहिलं पाऊल टाकलं तेच लेंडीवर. खाटेखाली, शेगडीपाशी, त्याच्या चपलेत, सगळीकडे लेंड्या; चांगल्या टपोऱ्या, गोल, वाटाण्याएवढ्या. मधोमध मुकादम बसला होता, तोंड हलवत, जणू काम कसं चाललंय ते बघायला आलेला.

"अक्का!" तवा गरजला. "बघ काय केलंय तुझ्या लाडक्याने! माझ्या चपलेत!"

"दिसतंय," अक्का म्हणाली. डोळे मिटूनच म्हणाली, आणि हसत होती.

तव्याने झाडू घेतला आणि दिवसाची पहिली शिवी घातली.